आहार सात्त्विक कशाने होतो?



छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात एक लहानशी कथा आहे. उद्दालक आरुणी या ऋषीचा पुत्र श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहिला, सर्व वेद पढला आणि चोविसाव्या वर्षी विद्येचा ताठा घेऊन घरी परतला. पुढे एकदा पित्याने त्यास सांगितले की, पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस; पाणी मात्र इच्छेस येईल तितके पीत जा, कारण प्राण जलमय आहे व पाणी पिणाऱ्याचा प्राण तुटत नाही. पुत्राने तसे केले. सोळाव्या दिवशी तो पित्यापुढे येऊन बसला. पित्याने त्यास ऋचा म्हणावयास सांगितल्या, यजुर्मंत्र म्हणावयास सांगितले, साम गावयास सांगितले. बारा वर्षे घोकलेले ते वेद. परंतु त्यास एक अक्षर आठवेना. तेव्हा पित्याने दृष्टान्त दिला. मोठा धडाडलेला अग्नी विझत विझत काजव्याएवढा निखारा उरला, तर त्याने काही जळत नाही. त्यावर वाळके गवत घालून फुंकर मारली, की तोच पुन्हा पेट घेतो. जा, आणि जेवून ये. श्वेतकेतू जेवून आला आणि जे जे विचारले ते ते सांगू लागला. मन हे अन्नाचेच घडलेले आहे, हे त्यास अशा रीतीने कळले.

ही कथा आम्ही पूर्वी अनेकदा वाचली होती. परंतु तिचा अर्थ आम्हांस आमच्याच सभामंडपात, एका वृद्ध गृहस्थांच्या निमित्ताने, उशिरा आणि थोडा लाजविणारा असा कळला. त्यांचे नाव येथे देत नाही. मात्र हे लिहावे अशी त्यांचीच इच्छा आहे.

हे गृहस्थ गेली तीस-पस्तीस वर्षे आमच्या मंदिरात सायंकाळच्या हरिपाठास बसतात. गळ्यात तुळशीची माळ आहे. लहानपणापासून मांस नाही, अंडे नाही; कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य. ज्याला अभंग अडेल त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहावे, असा आमचा परिपाठच होता. दोन वर्षांपूर्वी असे होऊ लागले, की तेच मध्येच अडखळत. म्हटलेला चरण पुन्हा म्हणत, पुढचा विसरत, आणि चूक लक्षात आली म्हणजे डोळ्यांत पाणी आणून गप्प बसत. पुढे त्यांच्या पायांत मुंग्या येऊ लागल्या. चालता चालता वहाण पायातून निघून जाई आणि तापलेली फरशी लागेपर्यंत त्यांस ते कळत नसे. तापीच्या राजघाटावर स्नान करून सूर्यास अर्घ्य देण्यासाठी डोळे मिटले, की तोल जाई. डोळे उघडे असता बरे वाटे. मिटले की पाय कोठे आहेत हेच समजत नसे.

आम्ही काय केले? आम्ही त्यांस म्हणालो, आता वय झाले, नामस्मरण करीत बसा. घरच्यांनी तेल चोळले. ओळखीच्या कोणी सांगितले, की वैद्यकीय तपासणीस गेलात तर डॉक्टर पहिल्या प्रथम अंडी खावयास सांगतील. या एका भीतीने ते आठ महिने डॉक्टरकडे गेले नाहीत. व्रतभंगापेक्षा पाय गेलेले बरे, असे त्यांनी आम्हांस सांगितले आणि आम्हीही त्यांच्या निष्ठेचे कौतुक केले. त्या कौतुकाची आज आम्हांस खंत वाटते.

शेवटी त्यांच्या नातीने हट्ट धरून रक्त तपासविले. ब-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण अत्यंत अल्प निघाले. डॉक्टरांनी अंडी सांगितली नाहीत की मांस सांगितले नाही. सुयांचा एक क्रम दिला आणि पुढे गोळ्या चालू ठेवावयास सांगितले. हे औषध कशाचे, असे त्यांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, की ते मोठ्या पिंपांतून सूक्ष्म जंतू वाढवून काढितात, जसे आपण विरजण लावितो तसेच म्हणा; त्यात कोणा प्राण्याचा वध नाही. चार-पाच महिन्यांत त्यांचा हरिपाठ पूर्ववत् झाला. पायांची बधिरता मात्र सर्वस्वी गेली नाही. मज्जातंतूंस फार दिवस उपास घडला म्हणजे त्यांतील काही पुन्हा उभे राहत नाहीत. ते आठ महिने वाचले असते तर कदाचित पायही पूर्ण वाचले असते.

आता प्रश्न असा, की ज्याने जन्मभर सात्त्विक आहार केला त्याच्यावर हा प्रसंग का यावा?

याचे उत्तर देण्यापूर्वी सात्त्विक या शब्दाचाच विचार करू. आपल्या बोलण्यात सात्त्विक जेवण म्हणजे ज्यात मांस, मद्य, कांदा, लसूण नाही ते जेवण. म्हणजे आपण त्याची व्याख्या वगळलेल्या पदार्थांवरून करितो. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी तशी व्याख्या केलेली नाही. तेथे सात्त्विक आहार ओळखावयाचा तो त्याच्या फलावरून. आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती ज्याने वाढतात. जो रसयुक्त, स्निग्ध, टिकणारा आणि मनास रुचणारा असतो, तो सात्त्विक. शिळे, गतरस झालेले अन्न तेथे तामस म्हटले आहे. म्हणजे ज्या ताटाने बल आणि आरोग्य वाढण्याऐवजी खंगते, ते ताट केवळ निरामिष आहे एवढ्यावरून सात्त्विक ठरत नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी अधिक कठोर बोल आहेत. जे शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून शरीरातील भूतसमुदायास आणि आत वसणाऱ्या प्रत्यक्ष भगवंतासही कृश करितात, त्यांचा निश्चय आसुरी जाणावा, असे तेथे म्हटले आहे. आम्ही हा श्लोक अनेक वर्षे दूरच्या हटयोग्यांस लावीत आलो. तो आपल्या स्वयंपाकघरासही लागतो, हे ध्यानी आले नव्हते.

काय खाऊ नये हे व्रत सांगते. त्या जागी काय खावे, हे पाहण्याचा भार व्रत घेणाऱ्यावर असतो. हा दुसरा भाग आपण टाकून दिला. अहिंसेचे व्रत उत्तम आहे. ते सोडावे असे येथे कोणीच सुचवीत नाही, आणि जे मांसाहार करितात त्यांच्या ताटात डोकावण्याचेही आम्हांस कारण नाही. आपले ताट आपण पुरे भरतो की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम ब-१२ विषयी, कारण शाकाहारी घरात खरी अडचण येथेच आहे. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. पालक, मेथी, डाळी, फळे, कशातही ते नाही. सृष्टीत ते फक्त काही सूक्ष्म जंतू घडवितात. गाईच्या पोटातील जंतू ते घडवितात व तेथून ते दुधात उतरते. यास्तव शाकाहारी मनुष्यास अन्नातून ते मिळावयाचा आधार दूध, दही, ताक, पनीर हाच. प्रौढ मनुष्यास दररोज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, चिमूटही नव्हे. परंतु एवढेसे मिळावयास सुमारे अर्धा लिटर दूध लागते, आणि दूध पुनःपुन्हा उकळीत ठेविल्यास त्यातील काही अंश नष्टही होतो. चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने काय साधणार? आमच्या त्या गृहस्थांनी कफ होतो म्हणून दूध दहा वर्षांपूर्वीच सोडले होते. शिवाय मधुमेहासाठी ते मेटफॉर्मिन नावाची गोळी घेत. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२ नीट शोषले जात नाही. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांनीही तेच होते, आणि उतारवयात जठराचे आम्ल कमी झाल्याने आणखी भर पडते. मंडळींत मधुमेही पुष्कळ आहेत. त्यांनी हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. मेटफॉर्मिन मात्र मनानेच बंद करू नये.

येथे कोणी म्हणेल, की आमचे आजे-पणजे शाकाहारीच होते, त्यांस असे काही झाले नाही. झाले नाही की कळले नाही, हा प्रश्न राहतोच. म्हातारा विसरू लागला, काठी धरू लागला, तर त्याचे रक्त कोण तपाशीत होते? आणि दुसरे असे, की पुष्कळ घरी दुभते जनावर होते. आज पिशवीचे दूध मोजून येते.

या व्याधीचे एक लक्षण असे, की ती फार सावकाश येते. आपल्या गावाचा कुंडी भंडारा वाचकांनी पाहिलाच असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारी नळाने शहरात आणिले, आणि त्या नळावर शंभराच्या वर कुंड्या बांधिल्या. एखाद्या वर्षी वर पाऊस ओढ देतो, तरी खाली लगेच कोरड पडत नाही. डोंगराने धरून ठेविलेले पाणी झिरपतच राहते. आपले यकृतही ब-१२ चा साठा असाच धरून ठेविते आणि तो कित्येक वर्षे पुरतो. दूध सोडल्यावर दोन वर्षे काही झाले नाही म्हणून मनुष्य निर्धास्त होतो. साठा सरतो तेव्हा मूळ कारण कोणास आठवत नाही. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात क्षार साचून वाट अरुंद होते, असे जाणकार सांगतात. म्हणजे वर पाणी असूनही खाली पोहोचत नाही. दूध पिऊनही ज्यांस ते अंगी लागत नाही अशा वृद्धांची गत तशीच समजावी.

हा प्रकार एखाद-दुसऱ्याचा नव्हे. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पुणे व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. त्यांपैकी शेकडा ६७ जणांत ब-१२ कमी निघाले. आणि शहरी मध्यमवर्गीयांत तर शेकडा ८१ जणांत. ही निरोगी म्हणविणारी, कामधंदा करणारी माणसे होती. खेड्यातल्या दरिद्री मनुष्यापेक्षा शहरातल्या सुखवस्तू मनुष्याच्या रक्तात ही उणीव अधिक, हे वाचून आम्ही थोडा वेळ स्तब्ध झालो.

पुरुषांची गोष्ट झाली. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे प्रवचन लिहावयास घेतले तीकडे वळतो.

याच डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. २००८ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याचा आशय असा, की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम न करण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती अधिक दिसली. त्याहून जुनी गोष्ट वेल्लोरची. तेथील डॉक्टरांनी १९६२ मध्ये अशा तान्ह्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, की जी केवळ आईच्या दुधावर होती, आणि त्या आयांच्या अंगीच ब-१२ नव्हते. मुले फिकट पडत, हसत-खेळत असलेली मंद होत, शिकलेले विसरत, हातपाय थरथरत. आईच्या दुधात दोष नव्हता हो. आईच्याच ताटात दूध नव्हते.

वाचकहो, आपापल्या घरातील पंक्ती डोळ्यांपुढे आणा. दूध प्रथम कोणास? देवास नैवेद्य, मग मुलांस, मग कर्त्या पुरुषांस, मग सासूबाईंच्या चहास. पातेल्याच्या तळाशी उरेल ते सुनेचे, आणि बहुधा तेही विरजणास जाते. तिला सोमवार आहे, शुक्रवार आहे, एकादशी आहे, चतुर्थी आहे. ती सर्वांच्या मागून जेवते, तोवर वरणाचे पाणी उरलेले असते. या स्त्रीस आपण घरची लक्ष्मी म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात शेकडा ५७ आणि मध्यप्रदेशात शेकडा ५४.७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या महिला मंडळाच्या भजनास जितक्या जणी टाळ धरून उभ्या असतात, त्यांतील अर्ध्यांचे रक्त पातळ आहे असे समजण्यास हरकत नाही. गेल्या कार्तिकी काकड्यास एक तरुण सून उभ्याउभ्याच कोसळली, तेव्हा काही जणांस ते भावावस्थेचे लक्षण वाटले. तिचे ओठ पांढरे होते.

रक्तक्षयाच्या बाबतीत आपल्या मुंबईचा एक इतिहास सांगण्यासारखा आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि तेथील गरोदर गरीब स्त्रियांत, ज्यांत गिरण्यांतून राबणाऱ्याही होत्या, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. त्या आधी १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट व मर्फी यांनी एका घातक रक्तक्षयावर प्राण्यांचे यकृत खावयास देऊन गुण येतो हे दाखविले होते, त्यामुळे सर्वांची दृष्टी यकृताकडे लागली होती. विल्स बाईंनी १९३१ मध्ये दाखवून दिले, की या स्त्रियांस यीस्टच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या, साध्या अर्काने उतार पडतो. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट हे पुढे निष्पन्न झाले. ते हिरव्या पालेभाज्यांत व डाळींत विपुल असते. मांसावाचून रक्त भरत नाही, या समजुतीस हे मोठेच उत्तर होय. परंतु त्यात एक गोम आहे, ती ध्यानी ठेवावी. ब-१२ च्या अभावी आलेल्या रक्तक्षयात केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. यास्तव गोळ्या चालू असूनही हातापायांस मुंग्या येत असतील, तर ब-१२ तपासून घ्यावे.

लोहाचे म्हणाल तर ते आपल्या अन्नात आहे, पण अंगी लागत नाही. वनस्पतींतील लोह शरीर थोडेच शोषून घेते. त्यास आंबटाची सोबत लागते. वरणभातावर लिंबू पिळण्याची चाल, जेवणात आवळ्याचे लोणचे, कैरी, पेरू या गोष्टींचा उपयोग येथे होतो. उलट जेवणाबरोबर वा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते लोह बांधून टाकतो. आपल्याकडे पंगत उठली की चहा येतो. तो एक-दोन तासांनी यावा. बाजरी, तीळ, हरभऱ्याची पाने, बाळंतिणीस देतात ते अळीव, हे सर्व लोहाचे जिन्नस आहेत. कडधान्यास मोड आणल्याने त्यातील लोह अधिक मोकळे होते. आणि आमच्या आजीबाईंची लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढावी. त्यात टोमॅटो-चिंचेची आंबट भाजी केली तर कढईचे थोडे लोह भाजीत उतरते. पितळी-तांब्याच्या भांड्यात मात्र आंबट करू नये.

प्रथिनांविषयी फार चिंतेचे कारण नाही, जर वरण वरणासारखे असेल. दर किलो वजनास दिवसाकाठी सुमारे एक ग्रॅम प्रथिन, एवढे ध्यानी धरावे. डाळींत शंभर ग्रॅममागे बावीस-चोवीस ग्रॅम असते. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचे द्रव्य कमी आणि डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी आणि धान्यात ते अधिक. दोहोंची जोडी झाली म्हणजे उणीव भरून निघते. खानदेश-निमाडच्या बायकांस हे कोणत्या प्रयोगशाळेने शिकविले होते? ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी आपल्या आज्या भाजीत होत्या. वरून तिळाची चटणी आणि ताकाचा पेला. असे ताट आम्ही कोणाही विद्वान आहारतज्ज्ञापुढे मांडावयास तयार आहो. ती भाकरी आता घरात कमी होते आणि हॉटेलात शंभर रुपयांस मिळते, हा काळाचा विनोद.

ड जीवनसत्त्व उन्हात अंगी तयार होते. बऱ्हाणपुरास उन्हाचा तोटा नाही. पण दिवसभर यंत्रमागापाशी किंवा दुकानात बसणाऱ्यास त्याचा लाभ नाही. असो.

उपवासाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मंदिराचा संबंध येथेच येतो. चातुर्मासाचा जुना नियम पाहा. श्रावणात पालेभाजी सोडावी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल, म्हणजे डाळी. प्रत्येक मासी एकच पदार्थ, आणि तो मासही सरतो. भाजी सोडली तेव्हा दही आहे. दूध सोडले तेव्हा डाळ आहे. एका वेळी एकच वाट बंद करून तीन वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या त्या शास्त्रकारांचा व्यवहार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. आज आपण काय करितो? एक जण जन्मभर दूध सोडतो, त्यावर डाळ वातूळ म्हणून टाकतो, त्यावर आठवड्यातून दोन उपवास. आणि उपवासात साबुदाणा. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा निव्वळ पिष्टाचा गोळा. त्यात प्रथिन जवळजवळ नाही, लोह नाही, काही नाही. बरे, शास्त्राने सांगितला म्हणावा, तर कसावा, बटाटा, भुईमूग आणि मिरची ही चारही अमेरिकेतून आलेली. ऋषींनी ती पाहिलीच नव्हती! म्हणजे उपवासाच्या थाळीतील हे चार पदार्थ धर्मग्रंथातून नव्हे, जहाजातून आले आहेत. शेंगदाण्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यात प्रथिन उत्तम आहे. राजगिरा, भगर, ताक, दूध, रताळे यांचा उपवास केला तर व्रतही राहील आणि शरीरही.

आणि केळे. आपल्या जिल्ह्याचे नाव केळीने देशभर गेले आहे, त्यामुळे केळ्यास काही म्हणणे म्हणजे घरच्या मुलास बोल लावण्यासारखे आहे. केळे सात्त्विक खरे. शक्ती देते, पोटॅशियम देते. परंतु एकादशीस सहा केळी खाऊन दिवस काढणाऱ्यास त्यातून प्रथिन फार थोडे, लोह नगण्य आणि ब-१२ मुळीच मिळत नाही. केळ्याबरोबर पेलाभर दूध घ्यावे, म्हणजे झाले. (शिकरण नको, असे आयुर्वेदवाले म्हणतात, त्यांनी दूध सकाळी व केळे दुपारी घ्यावे. आम्हांस वादात पडावयाचे नाही.)

गोळ्या-औषधांबद्दल मंडळींत जी शंका आहे तिचे निरसन करतो. ब-१२ ची गोळी जंतूंपासून बनते, हे वर आलेच आहे. मात्र काही औषधांच्या कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. ज्यांस ते चालत नाही त्यांनी दुकानदारास साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य वेष्टणाची कॅप्सूल मागावी, मिळते. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात ब-१२ आहे असे जाहिरातींतून सांगतात, परंतु त्यातील बराचसा भाग मनुष्यास उपयोगी न पडणारा असतो. आंबविलेल्या इडली-डोशावरही त्यासाठी विसंबू नये. आणि वृद्ध, गरोदर वा अंगावर पाजणारी स्त्री, दूध न घेणारा, मधुमेहाची गोळी घेणारा, यांनी वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे व औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवावे. लोहाच्या गोळ्याही परीक्षेवाचून मनाने घेऊ नयेत.

या सर्व विचाराअंती मंदिराच्या व्यवस्थापक मंडळींनी चातुर्मासासाठी काही फेरफार ठरविले आहेत. एकादशीच्या फराळात साबुदाण्याची खिचडी निम्मी राहील. उरलेल्या जागी भगर, राजगिऱ्याची भाकरी व ताक. द्वादशीच्या पारण्यास वरण घट्ट असेल, वाढप्यांनी पळी तळापर्यंत घालावी, आणि प्रत्येक पानावर लिंबाची फोड ठेवावी. चहा पंगतीनंतर दीड तासाने मिळेल. पहिली पंगत स्त्रियांची बसेल, पुरुष मंडळी वाढतील, आणि नैवेद्याचे दूध त्या पंगतीतील गरोदर व लेकुरवाळ्या बायकांस प्रथम दिले जाईल. यावर सभेत थोडी कुरकुर झाली. तेव्हा आमचे ते वृद्ध गृहस्थ काठी टेकीत उठले आणि म्हणाले, पहिल्या पंगतीस पळी मी धरीन. पायांचा भरवसा नाही, तेव्हा मला एका बाजूस स्टूल द्या.

ज्या घरी दुभते आहे आणि द्वादशीस सकाळी दूध देण्याची इच्छा आहे त्यांनी दशमीच्या सायंकाळपर्यंत कोठीवर सांगावे. दूध एकदाच उकळून, झाकून आणावे.